गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास: अमेरिकेत नव्याने घर घेतलेल्यांसाठी

आधी ग्लासभर गार पाणी घ्या, सिंकपासून लांब जाऊन हुंगा. मग गरम पाणी. ग्लासात वास नसेल तर दोष ड्रेनचा. दोन्हींना असेल तर पाणीच तसं, विशेषतः विहिरीचं. फक्त गरमला असेल तर हीटरची टाकी. नळ बंद असतानाही घरात वास येत असेल तर गॅसगळती समजा. दिव्याच्या बटणाला हात न लावता बाहेर पडा आणि बाहेरून ९११ लावा.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी हमखास सांगतो, 'हीटरच बदला.' बदलू नका! नव्या टाकीतही बहुधा मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड (स्वतः गंजून टाकीला वाचवणारी दांडी) असतो आणि वास तिथूनच येतो. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू या रॉडमुळे फोफावतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हजारो डॉलर घालवून वास तोच.

रॉड काढून भोकाला बूच मारणं हा दुसरा आपला जुगाड. टाकी गंजते, वॉरंटी जाते. रॉड काढा, पण जागी ॲल्युमिनियम-झिंकचा बसवा. तरी वास राहिला तर विजेवर चालणारा टायटॅनियमचा. त्याला जवळ प्लग हवा.

ब्रेकर बंद करा (टाकी रिकामी असताना चालू राहिला तर एलिमेंट जळतो). गॅसचा हीटर असेल तर नॉब 'पायलट'वर (फक्त छोटी ज्योत) ठेवा. गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, एक गरम नळ उघडा, खालून दोन-तीन गॅलन काढा. रॉडला साधारण १-१/१६ इंची सॉकेट लागतं, दांडा लांब घ्या, टाकी फिरू नये म्हणून दुसऱ्याला धरायला सांगा. छत बुटकं असेल तर सांधेवाला रॉड मागवा.

भोक उघडं आहे तोवरच ४० गॅलनच्या टाकीत फार्मसीतलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे लिटरभर ओता. नव्या रॉडच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावून तो बसवा, टाकी भरा, प्रत्येक गरम नळ थोडा सोडा. दोन-तीन तास थांबून सगळं पाणी वाहून जाऊ द्या. ब्लीच त्यात मिसळू नका.

बिल वाचवायला थर्मोस्टॅट ११० फॅरनहाइटवर ठेवणारे आपल्यात पुष्कळ. जिवाणूंना ते मानवतं. १४० वर ते मरतात, पण त्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं. घरात लहान मूल असेल तर मिक्सिंग व्हॉल्व्हशिवाय (नळाला जाणाऱ्या गरम पाण्यात गार मिसळणारा) तिथे जाऊ नका.

भारतात महिनाभर जाऊन आलात की टाकीत हायड्रोजन साठलेला असू शकतो. आल्याआल्या स्वयंपाकघरातला गरम नळ काही मिनिटं उघडा ठेवा, खिडकी उघडा. तोवर गॅस पेटवू नका आणि देवापुढचा दिवाही नंतर लावा.