स्कॉटलंडमध्ये पूर्वजांचं गाव शोधताय? या चुका टाळा

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता स्कॉटिश वंशाचे जावई-सुना आहेत. पणजोबांचं गाव बघायचं म्हणून सगळं घर एडिंबरा गाठतं, किल्ले बघून होतात, पण गाव काही सापडत नाही. बहुतेकदा गोची सुरुवातीलाच झालेली असते: शोध आडनावापासून सुरू केलेला असतो.

एडिंबऱ्यातल्या रॉयल माइल रस्त्यावरच्या दुकानात आडनाव सांगा, लगेच त्या क्लॅनचं, म्हणजे स्कॉटिश घराण्याचं, टार्टन (चौकडीचं कापड) हातात पडतं. हौस म्हणून जरूर घ्या, पण तो पुरावा नव्हे. प्रत्येक जाधव काही सिंदखेडच्या लखुजीरावांचा वंशज नसतो, तसंच हे आहे. क्लॅनप्रमुखाच्या जमिनीवर राहणारी कुळंही त्याचं आडनाव लावत. शिवाय अमुक आडनावाला अमुक टार्टन ही पद्धत बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला, तेव्हापासून तिला जोर चढला.

त्यामुळे घरातल्या ज्या माणसाबद्दल खात्रीने माहिती आहे त्याच्यापासून एकेक पिढी मागे जा. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, हाती लागेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. नुसतं गावाचं नाव पुरत नाही. कर्कमायकल नावाचं गाव पर्थशर परगण्यात (काउंटीत) आहे, एअरशरमध्ये आहे, डम्फ्रीसशरमध्ये आहे आणि बॅन्फशरमध्येही आहे.

स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर सूची फुकट चाळता येते, मूळ नोंद बघायला पैसे पडतात. ते वाचवायला जाऊन नुसत्या सूचीवर विसंबू नका, कारण खरा ऐवज नोंदीतच असतो. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली आणि त्या पहिल्या वर्षीचे रकाने थक्क करणारे आहेत. जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वयं, त्यांची जन्मस्थळं, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळं आहे. काम इतकं वाढलं की पुढच्याच वर्षी बरेच रकाने गाळले गेले. म्हणून थेट पूर्वजांवर अडू नका. त्यांच्या एखाद्या भावाबहिणीची १८५५ची नोंद मिळते का, तेही बघा. मृत्यूच्या नोंदीत मयताच्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा असतं. फक्त माहिती देणारा कोण होता ते खाली वाचा. मुलाने सांगितलेलं आणि शेजाऱ्याने सांगितलेलं यात फरक पडतो.

बायकांना नवऱ्याच्याच आडनावाने शोधणं ही दुसरी मोठी चूक. स्कॉटलंडच्या कागदपत्रांत स्त्रीचं माहेरचं आडनाव टिकून राहतं. थडग्यांवरही नवऱ्याच्या नावाखाली बायकोचं नाव बहुधा माहेरच्या आडनावानेच कोरलेलं दिसतं. ते वाचून 'ही कोणी दुसरीच' म्हणत पुढे जाऊ नका.

१८५५च्या आधी चर्चच्या वह्यांवरच भिस्त. सर्वांत जुनी वही एरल पॅरिशची, १५५३ची; पण अनेक ठिकाणच्या वह्या फार उशिरा सुरू होतात, आणि दफनाच्या नोंदी तर तुरळकच. १८४३मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडली आणि जवळपास एक तृतीयांश पाद्री बाहेर पडून फ्री चर्चमध्ये गेले. त्यानंतरचा बाप्तिस्मा मिळत नसेल तर त्या बाजूला शोधा. १८४१च्या जनगणनेतल्या वयावरूनही हिशेब मांडू नका. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचा आदेश होता, म्हणजे ३४ वर्षांचा माणूस ३० लागतो.

प्रवासात एक दिवस एडिंबऱ्याच्या जनरल रजिस्टर हाउससाठी, म्हणजे सरकारी नोंदी बघायच्या कचेरीसाठी, ठेवा आणि जागा आधी आरक्षित करा. ऑनलाइन जन्माच्या मूळ नोंदी १०० वर्षं, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षं खुल्या होत नाहीत. तिथे बसून त्यानंतरच्याही बघता येतात. ज्यांचं अलीकडच्या पिढीपाशीच अडलंय त्यांना याचा फार उपयोग होतो.

कबरस्तानात गेलात की शेवाळ घासायला ब्रश काढू नका. वाळूचा दगड पापुद्रे होऊन सुटतो आणि उरलीसुरली अक्षरं कायमची जातात. त्यापेक्षा आरशाने किंवा टॉर्चने बाजूकडून तिरका उजेड टाका. सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरं उठून येतात, मग फोटो घ्या. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, नकाशावरच्या अंतरावरून वेळ ठरवू नका, कारण बरेच रस्ते एकेरी रुंदीचे आहेत. समोरून गाडी आली की 'पासिंग प्लेस'मध्ये थांबावं लागतं. लुइस बेटावर रविवारी बरीचशी दुकानं बंद असतात, तेव्हा खाण्यापिण्याची सोय शनिवारीच करा.

आणि पूर्वज मुंबई इलाख्यात नोकरीला होते असं घरात बोललं जात असेल, तर एडिंबऱ्यातच घुटमळू नका. बँफचा ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, होता, डम्फ्रीसशरचा जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर. त्यांच्या मागोमाग सामान्य स्कॉटिश शिपाई आणि कारकूनही इकडे आले. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदवह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात.