धूळ पुसा, पापणी राखा : जुनी बालमालिका एचडीत आणताना

जुन्या बालमालिकेचं काम हाती आलं की सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधून काढा : चित्रीकरण फिल्मवर झालंय की टेपवर? वेळापत्रक, खर्च, ब्लू-रे डिस्कच्या वेष्टनावर काय लिहायचं, सगळं या उत्तरावर ठरतं. फिल्म असेल तर एचडीला पुरेल इतका तपशील निगेटिव्हमध्ये मुळातच असतो; त्या काळच्या टीव्हीवर तो दिसला नाही, एवढंच. ‘थंडरबर्ड्स’ ही १९६५ साली सुरू झालेली बाहुल्यांची मालिका ३५ एमएमवर चित्रित झाली होती, म्हणून ती आजच्या मोठ्या पडद्यावरही टवटवीत दिसू शकते. कित्येक मालिकांत मात्र स्टुडिओतली दृश्यं टेपवर आणि बाहेरची १६ एमएमवर असतात. अशा वेळी प्रत्येक शॉटसमोर त्याचं मूळ काय, हे लिहिलेली यादी आधी करा. ती यादी पुढे रोज लागते.

गोदामातून आलेला पहिला डबा थेट स्कॅनरवर चढवू नका. एकाच भागाची मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून छापलेली इंटरपॉझिटिव्ह, त्या इंटरपॉझिटिव्हवरून काढलेली ड्यूप निगेटिव्ह आणि प्रक्षेपणाच्या प्रिंट वेगवेगळ्या डब्यांत पडलेल्या असतात, आणि डब्यावरच्या लेबलवर मी कधीच विसंबत नाही. दर नकलेला तपशील घटतो, म्हणून मूळ निगेटिव्ह मिळेपर्यंत शोध चालू ठेवा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा उग्र वास आला, तर ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. ए-डी पट्ट्या म्हणून मिळतात, त्या डब्यात ठेवल्या की आम्लाच्या प्रमाणानुसार निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. असे डबे लगेच बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि स्कॅनिंगच्या यादीत सगळ्यात वर घ्या. आकसलेली, वाकलेली फिल्म पुढे स्कॅनरमधून जाईनाशी होते.

१६ एमएमची निगेटिव्ह बहुधा ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन रिळांत कापलेली असते. या फिल्मवर दोन फ्रेमच्या मध्ये जागा इतकी थोडी असते की फिल्म चिकटवायच्या सिमेंटने केलेला जोड चित्रात डोकावतो. म्हणून पहिला शॉट ‘ए’वर, दुसरा ‘बी’वर, तिसरा पुन्हा ‘ए’वर, आणि मधल्या जागी काळी फिल्म. प्रिंट काढताना दोन्ही रिळं एकाच फिल्मवर छापली जायची. त्यामुळे एक रीळ बघून अर्धा भाग हरवला म्हणून घाबरू नका, दुसरं शोधा. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे डिझॉल्व्ह. दोन्ही शॉट निगेटिव्हवर अख्खे असतात, त्यामुळे एकातून दुसऱ्यात विरघळणं संगणकावर मूळ दर्जानं पुन्हा बांधता येतं. ते किती फ्रेमचं होतं हे जुन्या प्रिंटवरून मोजायचं. अंदाजानं ठरवायचं नाही.

स्कॅन करताना फ्रेमच्या कडेची भोकंही चित्रात येऊ द्या. पुढे हलणारी फ्रेम स्थिर करायला तीच कामाला येतात. १६ एमएमला २के, म्हणजे आडव्या ओळीत सुमारे दोन हजार ठिपके, बहुतेक वेळा पुरतं. जागेचा हिशेब मात्र आधीच करा : डीपीएक्स या स्कॅनच्या फाइलप्रकारात २०४८ × १५५६ ची १० बिट फ्रेम सुमारे १२.७ एमबीची होते, २४ फ्रेमच्या वेगानं २५ मिनिटांच्या भागात ३६,००० फ्रेम, म्हणजे एकेका भागाला ४६० जीबीच्या आसपास. स्कॅनरला इन्फ्रारेडची सोय असेल तर रंगीत फिल्मसाठी ती जरूर वापरा. फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ नसते, त्यामुळे धुळीचा वेगळा नकाशा हाती येतो. कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र इन्फ्रारेडही अडवते, तिथे हा उपाय नाही.

आता सफाई. माझा सगळा जीव या टप्प्यात अडकलेला असतो, कारण बालमालिकेचं सगळं नाट्य बारीकसारीक गोष्टींत असतं आणि यंत्राला नेमक्या त्याच कळत नाहीत. धूळ काढणारं सॉफ्टवेअर काय करतं? एखादा ठिपका एकाच फ्रेममध्ये दिसला आणि मागच्यापुढच्या फ्रेममध्ये नसला, की त्याला कचरा समजतं. पण मातीच्या बाहुलीची पापणी मिटते तीही एखाद-दोन फ्रेमपुरतीच. फेकलेला चेंडू, उडालेलं पीस, भांड्यावरची चमक, खोटा पाऊस, सगळं त्याच्या लेखी धूळ. जोर थोडा जास्त लावला की बाहुली पापणी मिटायची थांबते, आणि पाहणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, नुसती ती निर्जीव वाटायला लागते. म्हणून सॉफ्टवेअर हलक्या जोरावर चालवा आणि त्यानं काय काय काढलं, फक्त तेवढंच दाखवणारं चित्र वेगळं काढून घ्या. करड्या पार्श्वभूमीवर नुसते ठिपके दिसायला हवेत. तिथे डोळ्याचा, बोटाचा, शिवणीचा आकार दिसला, की तो शॉट हातानं करायचा.

फ्रेम-फ्रेम हलवून केलेल्या ॲनिमेशनमध्ये एक सोय आपसूक मिळते. बहुतेक वेळा प्रत्येक पवित्र्याच्या दोन फ्रेम घेतलेल्या असतात. एकीवर डाग असेल तर तिची जुळी फ्रेम शेजारीच असते. तेवढाच तुकडा तिथून उचलून लावा. सॉफ्टवेअरनं कल्पनेनं भरलेल्या तुकड्यापेक्षा तो केव्हाही खरा. मातीवर उमटलेले बोटांचे ठसे मात्र हलताना दिसले तरी पुसू नका. ते ज्यानं बाहुली हलवली त्याच्या हाताचे आहेत.

दोऱ्यांचंही तेच. उभे ओरखडे काढणारा फिल्टर बाहुलीच्या तारा गिळतो, कारण दोन्ही बारीक आणि उभे. ओळखायची खूण अशी : फिल्म पळताना पडलेला ओरखडा शॉट बदलला तरी फ्रेममध्ये जवळपास त्याच जागी राहतो, तार बाहुलीबरोबर हलते आणि खाली डोक्यावर किंवा हातावर येऊन थांबते. एचडीत तारा जास्त ठळक दिसतात म्हणून त्या पुसून टाका, असा आग्रह निर्माते धरतात. मी नकार देते. ‘थंडरबर्ड्स’च्या बाहुल्यांच्या तारांमधूनच ओठ हलवणाऱ्या यंत्रणेला वीज जायची, तार पुसली तर ती बाहुली कशी बोलते हेच पुसलं जातं. मुलांना तारा दिसल्यानं काही बिघडत नाही. त्यांना बाहुली आवडते ती तारांसकट.

ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे मूळचे बारीक कण, ठेवा. ग्रेन काढला की फेल्टची लव, लोकरीचा पीळ, रंगवलेल्या पुठ्ठ्यावरचे ब्रशचे फटकारे हेही जातात आणि कापडी अस्वल प्लॅस्टिकचं दिसायला लागतं.

शीर्षकांना वेगळा वेळ द्या. दर भागाच्या सुरुवातीला तेच दृश्य, म्हणून तीच निगेटिव्ह पुन्हा पुन्हा छापलेली आणि सगळ्यात झिजलेली. सगळ्या भागांच्या प्रतींतून त्यातल्या त्यात स्वच्छ प्रत निवडा. अक्षरं संगणकावरच्या फाँटमध्ये नव्यानं टाइप करू नका. हातानं काढलेल्या अक्षरांतला थोडा वाकडेपणा लहानपणी पाहिलेल्या माणसाला पाठ असतो.

रंगांसाठी नुसत्या जुन्या प्रिंटकडे पाहून चालत नाही. जुन्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं लालसर होतं. मूळ बाहुल्या कुठे जपलेल्या असतील तर त्यांचे फोटो मागवा, तटस्थ उजेडात काढलेले, शेजारी करडं कार्ड ठेवून. कापडही उजेडानं फिकं पडलेलं असतं, म्हणून रंग बाहेरून न पाहता घडीच्या आत, कॉलरखाली, शिवणीच्या कडेला पाहा. एकदा मुख्य पात्राचा रंग पक्का झाला की बाकीचं दृश्य त्याच्याभोवती बसवता येतं.

चौकट ४:३ च ठेवा. १९२० × १०८० मध्ये ती १४४० × १०८० इतकी बसते, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. पडदा भरावा म्हणून १६:९ मध्ये कापलं तर चित्राचा चौथा भाग जातो, आणि बाहुल्यांच्या मालिकेत त्या चौथ्या भागात टोपी असते किंवा टेबलावर काय चाललंय ते असतं.

आवाजाला शक्यतो वेगळा मॅग्नेटिक ट्रॅक (चुंबकीय फितीवरचा आवाज) शोधा. प्रिंटवर चित्राशेजारी छापलेला ऑप्टिकल आवाज घ्यावा लागला, तर १६ एमएमवर तो चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो हे ध्यानात ठेवून जुळवा. जुळणी तपासायला बाहुलीचे ओठ भरवशाचे नसतात. दार आपटणं, कप खाली ठेवणं असले आवाज पकडा. खरखर कमी करताना ‘स’ आणि ‘श’ कडे कान द्या, तेच आधी बोथट होतात. वेगही पाहा : २४ फ्रेमची मालिका २५ नं चालवली असेल तर सगळं सुमारे ४ टक्के जलद आणि चढ्या स्वरात ऐकू येतं. मूळ मोनो ट्रॅक डिस्कवर असलाच पाहिजे, बाकी काही द्या न द्या.

मालिका टेपवरच असेल तर पीएएल आणि एनटीएससी या टीव्हीच्या जुन्या पद्धती : पीएएलमध्ये ५७६ ओळी, एनटीएससीत ४८० च्या आसपास, तेवढंच भांडवल. चिकट झालेली टेप प्लेअरवर चढवू नका. जाणकाराकडून मंद उष्णतेवर भाजून घ्या, मग एकदाच नीट उतरवा. सेकंदाला ५० फील्डची (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी फ्रेम) हालचाल २५ फ्रेमवर आणू नका, बाहुल्यांची चपळाई त्यातच असते. ब्लू-रेवर १०८० ओळी ५० फील्डमध्ये चालतात, त्या वापरा. चेहरे ‘सुधारणारे’ एआय लांब ठेवा : त्याला माणसांचे चेहरे माहीत असतात, बटणांचे डोळे नाहीत. आणि वेष्टनावर ‘टेपवरून मोठं केलेलं चित्र’ असं स्पष्ट लिहा. विकत घेणाऱ्याचा तो हक्क आहे.

डिस्कवर भाग कोंबू नका. ग्रेन ठेवला की बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, जास्त लागतो. ५० जीबीच्या ब्लू-रेवर आवाजासकट सरासरी सेकंदाला ३५ मेगाबिट धरले तर साधारण १९० मिनिटं मावतात, म्हणजे २५ मिनिटांचे सात भाग. तेरा बसवायला सांगतील. दोन डिस्क मागा. चाचणीची डिस्क आली की घरच्या साध्या प्लेअरवर लावा, टीव्हीचं हालचाल गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा, आणि प्रत्येक भाग सुरुवातीपासून नामावलीच्या शेवटच्या फ्रेमपर्यंत न थांबवता पाहा. खटकलेल्या जागेची वेळ कागदावर लिहा, भाग संपल्यावरच मागे जा. निगेटिव्ह थंड, कोरड्या साठवणीत परत पाठवताना प्रत्येक डब्यात कोणत्या रिळाचं स्कॅन कधी झालं याची चिठ्ठी घाला, आणि सफाईच्या आधीचे कच्चे स्कॅन एलटीओ या डेटा साठवायच्या टेपवर दोन प्रतींत, दोन वेगळ्या इमारतींत ठेवा.