टोक लवलं पाहिजे, बूड नाही

फायबरचं काम मी शिकलो रत्नागिरीत, मासेमारीच्या होड्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये. काचतंतूची मॅट अंथरायची, रेझिन ओतायचं, रोलर मारून हवा काढायची. तिथे जाड तेवढं चांगलं. पुढे ऑस्ट्रेलियात बायरन बेजवळ सर्फबोर्डाच्या कारखान्यात लागलो तेव्हाही डोक्यात तेच होतं. माझी पहिली फिन मालकाने हातात घेतली, अंगठ्याने टोक दाबून पाहिलं आणि म्हणाला, "दार वाऱ्याने आपटतं ना, त्याच्याखाली अडकव ही."

बोर्डाच्या शेपटीखाली असते ती फिन. काही जण तिला सुकाणू म्हणतात, पण ती फिरत नाही. बोर्ड आडवा घसरू नये म्हणून पाण्यात रोवलेली असते. टॉम ब्लेकने 1935 मध्ये स्पीडबोटीची कील (तळाची उभी पट्टी) काढून आपल्या बोर्डाला लावली, तिथून हे सुरू झालं. ती लवली पाहिजे हे मात्र 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ग्रीनोने दाखवलं. ट्यूना माशाचा पर बघून त्याने उंच, निमुळत्या टोकाच्या फिन घडवल्या. 1966 मध्ये सॅन दिएगोला नॅट यंग जगज्जेता झाला तो ग्रीनोच्या फिनवरच. वळताना टोक लवतं, वळण सुटताना सरळ होतं आणि तेवढा धक्का बोर्डाला पुढे मिळतो. बूड मात्र हलता कामा नये. बूड लवलं की पाय ठेवाल तिथून बोर्ड सटकतो.

आधी पॅनेल, म्हणजे जिच्यातून फिन कापायची ती फळी. मेण लावलेल्या काचेवर 6 औंसाच्या (एका चौरस यार्डाचं वजन) विणलेल्या काचकापडाचे थर एकावर एक. साडेनऊ मिलिमीटर जाडीला मला चाळीसच्या आसपास थर लागतात. घाईत सगळे एका दमात लावाल तर रेझिन इतकं तापतं की पॅनेल वाकडं होतं, कधी आतून तडकतं. मी दहा-बारा थरांनंतर थांबतो. आणखी एक: सगळे थर सरळ उभे-आडवे ठेवले तर फिन वाकायला कडक होते, काही थर 45 अंशांत तिरके घातले तर वाकायला जरा नरम, पण पिळायला कडक. पिळणारी फिन वाकणाऱ्या फिनपेक्षा जास्त त्रास देते, म्हणून चार-सहा थर तिरके घालायची सवय लावून घ्या.

जिगसॉने आकार कापला की ग्राइंडर. खरी मजा इथे आहे. कड उतरवत जाल तसे कापडाचे थर एकेक करून उघडे पडतात आणि फिनवर भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारख्या रेषा उमटतात. बोर्डाच्या मधोमध बसणाऱ्या फिनच्या दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एका बाजूची रेष दोन मिलिमीटर पुढे आली तर तिथे माल जास्त उतरलाय. मापाच्या पट्टीपेक्षा माझा या रेषांवर भरवसा जास्त.

आता नवशिक्याचा हात जिथे हमखास चुकतो ते. कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी 10 टक्के कमी केली तर कडकपणा 27 टक्के उतरतो. 20 टक्के कमी केली तर जवळजवळ निम्मा. दाराखालच्या फिनचा राग मनात होता, म्हणून दुसरी मी टोकाकडे घासतच गेलो. हातात झकास वाटली. पाण्यात नेली तर लाटेच्या तळाच्या वळणावर बोर्ड असा निसटला की मी आधी, बोर्ड मागून. लवचीकता हाताच्या अंदाजाने मोजायची नसते, हे तेव्हा कळलं.

तेव्हापासून बूड व्हाइसमध्ये घट्ट आवळतो, टोकापासून दोन सेंटिमीटर आत 5 किलोचं वजन टांगतो आणि टोक किती खाली आलं ते वहीत लिहितो. लाँगबोर्डच्या (लांब सर्फबोर्डाच्या) एका 9 इंची फिनला सुरुवातीला 11 मिलिमीटर आलं होतं. टोकाकडच्या एक तृतीयांश भागातच 80 नंबरच्या पेपरने दोन्ही बाजूंनी सारखं घासलं, पुन्हा टांगलं, 14 आलं, थांबलो. हे आकडे माझ्या आकाराचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण वजन आणि जागा कायम तीच ठेवा. माप त्याच दिवशी घेऊ नका. पॉलिएस्टर रेझिन पुढे कित्येक दिवस कडक होत राहतं. मी आठवडाभर थांबतो.

जास्त घासलं गेलं तर? फिन फेकू नका. पृष्ठभाग खरखरीत करून दोन्ही बाजूंना 4 औंसाचा एकेक थर चढवा आणि पुन्हा मोजा. दिसायला थोडी डागाळते, पण चालते.

आपल्याकडून ऑस्ट्रेलियात या कामाला जाणाऱ्यांसाठी: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारा) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो, हे होडीच्या शेडमध्ये शिकला असालच. तिथे कोबाल्ट बहुधा रेझिनमध्ये आधीच असतो, म्हणून सवयीने वेगळा घालू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्म्याशिवाय बाटली उघडायची नाही. धुळीला मास्क, वासाला कार्ट्रिजवाला मास्क, दोन्ही वेगळे. आणि काचेची धूळ म्हणजे खाजकुइलीच. आंघोळ आधी थंड पाण्याने. पहिले चार-पाच महिने फक्त घासायलाच मिळेल, तेव्हा याची गरज रोज पडेल.

कधी गिऱ्हाईक परत येतं आणि सांगतं, वेगात फिन गुणगुणते. फ्लेक्सला, म्हणजे लवचीकतेला, हात लावू नका. बहुतेक वेळा मागची कड जाड किंवा बोथट राहिलेली असते. 120 चा पेपर घेऊन एका बाजूने तिरकी घासून द्या. दहा मिनिटांचं काम, त्याचे पैसे मी घेत नाही.