जर्मन-फ्रेंच आधीच येते? अमेरिकी कॉलेजात तिचं क्रेडिट मिळवण्याची तयारी

अकरावी-बारावीला जर्मन किंवा फ्रेंच घेतलेली, पुढे मॅक्समुल्लर भवनात नाहीतर आलियाँस फ्राँसेजमध्ये बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, शिकलेली कितीतरी मुलं पुण्या-मुंबईतून अमेरिकेत पदवीसाठी जातात. पदवीसाठी परदेशी भाषेची अट आहे हे तिथे गेल्यावर कळतं, आणि यातली काही जणं मुकाट्याने पहिल्या पायरीच्या वर्गात जाऊन बसतात. त्या वर्गाची फी डॉलरमध्ये भरावी लागते आणि त्यात शिकवलेलं त्यांना आधीच येत असतं. हे टाळता येतं. फक्त तयारी नीट क्रमाने करायला हवी, आणि त्या क्रमात पुस्तक उघडणं पहिलं येत नाही.

सगळ्यात आधी आपल्या कॉलेजचा नियम लेखी मिळवा. भाषा येते हे सिद्ध केल्यावर कॉलेज तीनपैकी काहीतरी एक देतं. एक तर पदवीच्या १२० क्रेडिटमध्ये (क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप) धरली जातील अशी खरी क्रेडिट. दुसरी शक्यता म्हणजे नुसती अटीतून सूट, ज्यात भाषेचे वर्ग चुकतात पण तेवढी क्रेडिट दुसऱ्या विषयांतून भरून काढावी लागतात. तिसरी म्हणजे वरच्या वर्गात थेट प्रवेश. ‘टेस्ट आउट’ हा एकच शब्द या तिन्हींसाठी सर्रास वापरला जातो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून ॲडव्हायझरला, म्हणजे कॉलेजातल्या अभ्यास-सल्लागाराला, मेल करताना मोघम विचारू नका. अमुक परीक्षेत इतके गुण पडले तर ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या अधिकृत गुणनोंदीवर) किती क्रेडिट लागतील, त्याने भाषेची अट पूर्ण होईल का, आणि ही परीक्षा कधीपर्यंत देता येते, असं नेमकं विचारा. तिसरा प्रश्न गाळू नका. त्या भाषेचा वरचा वर्ग एकदा घेतला की खालच्या पातळीचं परीक्षेचं क्रेडिट बऱ्याच कॉलेजांत बंद होतं. आलेलं उत्तर जपून ठेवा; ॲडव्हायझर बदलतात, मेल राहतो.

विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला साधारणपणे १२ क्रेडिटचे वर्ग घ्यावेच लागतात आणि परीक्षेतून मिळालेली क्रेडिट त्या बारात धरली जात नाहीत. ती पदवीच्या बेरजेत जातात. तेव्हा ‘सहा क्रेडिट मिळाली, आता या सेमिस्टरला दोन वर्ग कमी’ असा हिशेब करू नका.

नियम कळला की परीक्षा ठरवा. सगळ्यात रुळलेली वाट क्लेपची, म्हणजे आधीच येत असलेल्या विषयाचं कॉलेज क्रेडिट मिळवण्यासाठी कॉलेज बोर्ड ही अमेरिकी संस्था घेते त्या परीक्षेची. तिच्यात भाषा तीनच आहेत, स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन. फी शंभर डॉलरच्या आसपास, आणि केंद्र स्वतःची वेगळी फी घेऊ शकतं. एका सेमिस्टरच्या वर्गाच्या फीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस अशी, की ५० गुणांना दोन सेमिस्टरएवढी सहा क्रेडिट द्यावीत आणि फ्रेंचमध्ये ५९, जर्मनमध्ये ६०, स्पॅनिशमध्ये ६३ गुण असतील तर नऊ. ही शिफारसच आहे, शेवटचा शब्द कॉलेजचा. म्हणून तर आधी मेल.

जपानी शिकलेल्यांना क्लेपचा उपयोग नाही. शाळेत असतानाच एपी (कॉलेज बोर्डाचीच, शाळकरी मुलांसाठीची कॉलेज पातळीची परीक्षा) देणं शक्य असेल तर तिथे जपानी आणि चिनी आहेत, पण ती परीक्षा वर्षातून एकदा, मे महिन्यात आणि शाळेमार्फतच होते. कॉलेजात पोचल्यावर उरते ती त्या विभागाची स्वतःची परीक्षा किंवा ॲक्टफल या परदेशी भाषाशिक्षकांच्या अमेरिकी संस्थेची तोंडी परीक्षा. तोंडी परीक्षेत परीक्षक फोनवर पंधरा ते तीस मिनिटं बोलतो, तुमच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढतो आणि हळूहळू अवघड करत नेतो. मधे एखादा प्रसंगही बोलून दाखवायला सांगतो. इथे पाठ केलेलं स्वतःविषयीचं भाषण फार तर दोन मिनिटं टिकतं.

काही विद्यापीठांत एक वेगळीच सोय असते आणि ती मला सगळ्यांत न्याय्य वाटते. विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, प्लेसमेंट टेस्टने (पातळी ठरवणाऱ्या परीक्षेने) वरच्या वर्गात बसलात आणि त्यात बी किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळवलीत, तर खालच्या सुटलेल्या वर्गांची क्रेडिट मागाहून मिळू शकतात. भाषा पुढे शिकायचीच असेल तर क्लेपआधी अशी सोय आपल्याकडे आहे का ते शोधा. मात्र अशा ठिकाणी वरचा वर्ग लवकर घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या सेमिस्टरलाच चौकशी करा.

आता अभ्यास. बी-वन ताजं असेल तर काही आठवड्यांची उजळणी पुरते. बारावीनंतर भाषेला हात लावला नसेल तर दोनेक महिने धरा. क्लेपच्या भाषापरीक्षेत बोलणं आणि लिहिणं नसतं (स्पॅनिशची लेखनासह होणारी आवृत्ती वेगळी), साठ टक्के वाचन आणि चाळीस टक्के ऐकणं असतं. आपल्या मुलांचं व्याकरण बहुधा पक्कं असतं, कारण बोर्डाच्या पेपरात मार्क त्याचेच. कच्चा असतो तो कान. परीक्षेच्या पहिल्या भागात एक वाक्य किंवा प्रश्न ऐकू येतो, मग चार उत्तरंही ऐकूच येतात. पडद्यावर त्यांचा मजकूर नसतो आणि सगळं एकदाच ऐकवलं जातं. जर्मन प्रश्नाची सुरुवात ‘वान’ने झाली की विचारलंय ‘केव्हा’, ‘वो’ने झाली की ‘कुठे’. पहिला शब्द निसटला तर ‘साडेसातला’ आणि ‘तीन नंबर फलाटावर’ ही दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर वाटतात. वाचून सोडवलेल्या सराव-प्रश्नांनी ही सवय होत नाही. भाषा येणाऱ्या मित्राला एक प्रश्न आणि चार उत्तरं नेहमीच्या वेगाने, पुन्हा न म्हणता वाचायला सांगा आणि तुम्ही कागदावर फक्त अक्षर लिहा. मित्र नसेल तर डॉइच वेलेच्या संथ वेगाच्या बातम्यांपासून सुरू करा आणि आठवड्याभरात नेहमीच्या वेगावर या, कारण परीक्षेतलं बोलणं संथ नसतं. वाचनासाठी जाहिराती, सूचनाफलक, छोट्या बातम्या असं साधं काहीतरी रोज वाचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि घाईने बसू नका, कारण नापास झालात तर तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं.

कागदपत्रांत आपली अडचण ठरलेली, ती म्हणजे वडिलांचं नाव. पासपोर्टवर ते आपल्या नावाला जोडून येतं, कॉलेजच्या नोंदीत मधलं नाव म्हणून जातं, आणि कॉलेज बोर्डाचं खातं उघडताना आपण ते गाळून टाकतो. परीक्षेचं खातं पासपोर्टवर आहे तस्संच उघडा. कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक आणि जन्मतारीखही तपासा, म्हणजे निकाल तिकडे पोचल्यावर रजिस्ट्रारला तो तुमचाच आहे हे जुळवता येईल. निकाल एका कॉलेजला फुकट पाठवता येतो, पण त्या कॉलेजचं नाव परीक्षेच्या वेळीच द्यावं लागतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर सहसा क्रेडिट मिळत नाही. पुणे किंवा मुंबई विद्यापीठात पदवीच्या वर्षाला भाषेचा पेपर पास केला असेल तर मात्र गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम दोन्ही घेऊन जा. त्याची क्रेडिट बदली होऊन मिळाली तर परीक्षेची गरजच उरत नाही.

अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांच्या आईवडिलांसाठी थोडं वेगळं. मराठीची एपी नाही, क्लेपही नाही. पण म्हणून मराठीचं काहीच होत नाही असं समजू नका. शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत मराठी शिकवली जाते. अशा ठिकाणी विभागालाच भेटून पातळी तपासून घेता येते. हायस्कूलमध्ये असताना द्विभाषा-साक्षरतेची मोहोर, म्हणजे ‘सील ऑफ बायलिटरसी’, मराठीत मिळेल का हे शाळेला विचारा. मिनेसोटात या मोहोरेवर राज्याच्या कॉलेजांत भाषेची क्रेडिट मिळतात, मात्र ती हायस्कूल संपल्यापासून तीन वर्षांत मागावी लागतात. यासाठी बोलण्याबरोबर वाचता-लिहिताही यावं लागतं. घरी मराठी बोलणाऱ्या पण देवनागरी न येणाऱ्या मुलांचं अडतं ते इथेच, म्हणून लिपीचा सराव नववी-दहावीपासूनच लावा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या, मराठी शाळेची प्रमाणपत्रं असतील तर एका फायलीत ठेवा. ज्यांचं माध्यमिक शिक्षणच मराठीतून झालं त्यांना मात्र अनेक कॉलेजं मातृभाषेचं प्राथमिक पातळीचं क्रेडिट देत नाहीत. तिथेही अटीतून सूट मिळू शकते, तेवढी मागायला लाजू नका.

परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट आणि नोंदणीची प्रत बरोबर घ्या. गुण बहुधा तिथल्या तिथे पडद्यावर दिसतात, पण ते दिसले म्हणजे क्रेडिट लागली असं नाही. काही आठवड्यांनी कॉलेजच्या पोर्टलवर डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणारा तक्ता, उघडा आणि क्रेडिट कोणत्या रकान्यात पडली ते बघा. भाषेच्या अटीऐवजी ती ऐच्छिक विषयांत गेलेली दिसली तर जपून ठेवलेला मेल जोडून रजिस्ट्रारला लगेच लिहा, आणि हे पुढच्या सेमिस्टरची नावनोंदणी सुरू होण्याआधी उरका.