फक्त व्याज भरत असाल, तर गृहकर्जातील या चुका टाळा

नाशिकच्या पाथर्डी फाटा, मखमलाबाद किंवा गंगापूर रोड परिसरात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत सदनिका घेणाऱ्या कुटुंबाच्या खात्यातून दरमहा बँकेकडे काही रक्कम जाते, आणि घरात तिला सहजपणे ‘हप्ता’ म्हटले जाते. पहिली चूक याच शब्दात आहे. बांधकाम जसजसे पुढे सरकते, तसतशी बँक कर्जाची रक्कम बिल्डरला सोडते आणि सगळी रक्कम सोडून होईपर्यंत बहुतेक वेळा ग्राहकाकडून केवळ सोडलेल्या रकमेवरचे व्याज घेते. हा झाला प्री-ईएमआय, म्हणजे मुद्दल आणि व्याज दोन्ही असलेला पूर्ण हप्ता (ईएमआय) सुरू होण्याआधीचा भरणा. त्यातून मुद्दल एका रुपयानेही कमी होत नाही.

आकडे मांडले की हे नीट उमगते. समजा, 30 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी मंजूर झाले आणि बँकेने आठ-आठ महिन्यांच्या अंतराने दहा-दहा लाख रुपये सोडले. पहिले आठ महिने दरमहा 7,500, पुढील आठ महिने 15,000 आणि त्यानंतरचे आठ महिने 22,500 रुपये भरावे लागतील. दोन वर्षांत 3 लाख 60 हजार रुपये गेले, तरी कर्ज 30 लाखच राहिले. त्यानंतर पूर्ण हप्ता सुरू होईल तो सुमारे 27 हजारांचा, आणि त्याच्याही पहिल्या महिन्यात मुद्दलाकडे जातील जेमतेम साडेचार हजार.

बहुतेक घरांचे गणित कोलमडते ते या वाढत जाणाऱ्या आकड्यामुळे. 7,500 रुपये घरभाड्यासोबत सहज झेपतात म्हणून दुचाकी हप्त्यावर घेतली जाते, फर्निचरही हप्त्यावर येते. पुढे ताबा लांबला की घरभाडे आणि 22,500 रुपयांचे व्याज दोन्ही एकदमच भरावे लागतात. वरच्या उदाहरणात ताबा एक वर्ष लांबला, तर त्या वर्षाचे निव्वळ व्याज 2 लाख 70 हजार होते. म्हणून पहिल्या महिन्यापासूनच आपल्याला 27 हजारांचा हप्ता आहे असे धरावे आणि प्री-ईएमआय वजा जाता उरणारी रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी. बँक पूर्ण हप्ता लगेच सुरू करू देत असेल, तर मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वीच तसे लेखी मागावे, कारण सोडलेली रक्कम कमी असताना त्या हप्त्याचा मोठा भाग थेट मुद्दलात जातो.

मुदत मोजतानाही गफलत होते. बऱ्याच कर्जांत 20 वर्षे धरली जातात ती पूर्ण हप्ता सुरू झाल्यापासून. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या 42 वर्षांच्या व्यक्तीने तीन वर्षे केवळ व्याज भरले, तर तिचे कर्ज 65 व्या वर्षी फिटेल, आणि तोवर निवृत्त होऊन काही वर्षे लोटलेली असतील. व्याजदर वाढल्यावर हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली गेली, तर ही तारीख आणखी पुढे जाते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार अशा वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. तो विचारून घ्यावा.

मुद्दल फेडायचे कशातून, याचे उत्तर अनेकदा भविष्यावर सोपवले जाते. ब्रिटनमध्ये संपूर्ण मुदतभर फक्त व्याज भरायचे आणि शेवटी मुद्दल एकरकमी द्यायचे, अशी गृहकर्जे रूढ होती. 1980 च्या दशकात त्यांच्यासोबत मुद्दल फेडण्यासाठी म्हणून विमा पॉलिसी विकल्या गेल्या, त्यांचा परतावा अपेक्षेपेक्षा कमी आला आणि असंख्य कर्जदारांना मुदतीअखेर तूट पडली. नाशिकमधला तसाच आशावाद म्हणजे ‘2027 च्या सिंहस्थानंतर भाव चढतील, तेव्हा फ्लॅट विकून मोकळे होऊ’. भाव चढतीलही, परंतु हव्या त्या महिन्यात हव्या त्या किमतीला गिऱ्हाईक मिळेलच, याची हमी कोणी देत नाही. निफाड-दिंडोरीकडील द्राक्ष बागायतदार कुटुंबांत ‘माल गेला की एकदम भरू’ असे ठरते, आणि ऐन काढणीच्या तोंडावर गारपीट होते. (कांद्याच्या भावावर कर्जफेड बेतणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.) मासिक हप्ता पगारासारख्या नियमित उत्पन्नावरच बेतावा आणि हंगामाचा पैसा आला, तर त्यातून वरचा भरणा करावा. वरच्या उदाहरणात दरवर्षी एक हप्ता जास्त भरला, तर कर्ज सुमारे साडेतीन वर्षे आधी फिटते, आणि वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क बँकेला घेता येत नाही.

करसवलतीच्या भरवशावर प्री-ईएमआय लांबवणेही फसवे आहे. जुन्या करप्रणालीत बांधकामकाळातील व्याजाची वजावट घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत मिळते, आणि तीही स्वतः राहत असलेल्या घरासाठी वर्षाला 2 लाखांच्या एकूण मर्यादेतच. नव्या प्रणालीत अशा घराला ही वजावट नाही.

ताबा आधीच रखडला असेल, तर आधी बँकेकडून कर्जखात्याचा उतारा घेऊन किती रक्कम कोणत्या तारखेला सोडली, हे पाहावे. मग महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदवलेली प्रगती व पूर्णत्वाची तारीख तपासावी आणि बांधकाम मागे असेल, तर पुढचा टप्पा सोडू नये असे बँकेला लेखी कळवावे. प्रकल्पातून बाहेर पडायचे नसेल, तर करारातील तारखेपासून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या विलंबासाठी बिल्डरकडून व्याज मागण्याचा हक्क 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 18 ने दिलेला आहे. महाराष्ट्रात त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँक कर्जासाठी ठरवते तो आधारदर) 2 टक्के अधिक असतो, आणि त्यासाठीची तक्रार महारेराकडे ऑनलाइन दाखल करता येते.