वॉलेटने लॉगिन अडलंय? आधी या चुका टाळा

मेटामास्क किंवा रॅबीसारख्या क्रिप्टो वॉलेटने एखाद्या प्लॅटफॉर्मवर लॉगिन करताना मोजून दोन गोष्टी होतात. 'कनेक्ट' केलं की साइटला तुमच्या वॉलेटचा पत्ता (खाते क्रमांकासारखा) कळतो. मग एका मेसेजवर 'साइन' केलं की तो पत्ता तुमच्याच ताब्यात असल्याची खात्री पटते. गॅस फी (ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराचं शुल्क) नाही, ओटीपी नाही आणि सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट परत मिळवायचे, ते १२ किंवा २४ शब्द तर अजिबातच नाहीत. कोणी याहून जास्त काही मागत असेल, तर तिथे लॉगिन चाललेलं नाही, दुसरंच काहीतरी चाललंय.

तरीही सगळ्यात महाग चूक इथेच होते. लॉगिन अडलं की माणूस घाबरून गुगलवर 'वॉलेट सपोर्ट' शोधतो, नाहीतर टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये विचारतो. लगेच कुणीतरी 'सपोर्ट टीम'वाला खासगी मेसेज करतो आणि 'वॉलेट सिंक करा' म्हणून लिंक देतो. त्या पानावर शब्द भरायला १२ चौकटी असतात. भरले की वॉलेट रिकामं. तुमची चावी (हेच शब्द) वॉलेट बनवणाऱ्यांकडे नसतेच, मग ते 'सिंक' करणार काय?

दुसरी चूक म्हणजे न वाचता साइन करणं. इथे जरा थांबूया. इथेरियम ब्लॉकचेनवर लॉगिनच्या मेसेजसाठी ईआयपी-४३६१ हे मानक (ठरलेला नमुना) आहे. त्यात मुख्यतः साइटचं डोमेन, तुमचा पत्ता, चेन आयडी (नेटवर्कचा क्रमांक), नॉन्स (एकदाच वापरायचा कोड) आणि वेळ अशी माहिती असते. डोमेन ॲड्रेस बारशी जुळतंय का ते बघा. पॉपअपमध्ये 'परमिट', 'स्पेंडर', 'व्हॅल्यू', 'डेडलाइन' असे शब्द दिसले तर सरळ 'रिजेक्ट' दाबा, कारण ती तुमची टोकन (क्रिप्टो नाणी) खर्च करायची परवानगी आहे. 'फी कुठे लागतेय, मग काय बिघडतं' हा हिशेब इथे चालत नाही. परमिटवर सही करायलाही फी लागत नाही.

आणि साइट खरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डिसेंबर २०२३ मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीच्या 'कनेक्ट किट'मध्ये (साइटला वॉलेट जोडणारा कोड) कुणीतरी घातक कोड घुसवला आणि ते किट वापरणाऱ्या सुशी या क्रिप्टो एक्सचेंजसारख्या अस्सल साइटवरही पैसे पळवणारे पॉपअप येऊ लागले. ॲड्रेस बार बरोबरच होता!

बाकीच्या अडचणी बहुतेक ब्राउझरच्या. 'कनेक्ट' दाबूनही काहीच होत नसेल, तर आधीची विनंती ब्राउझरमधल्या वॉलेट एक्स्टेंशनच्या चिन्हामागे लटकलेली असते (एरर कोड −३२००२). साइटवर पुन्हा पुन्हा क्लिक करू नका. एक्स्टेंशन उघडा, ती विनंती रद्द करा, पान रिफ्रेश करा. दोन-तीन वॉलेट एक्स्टेंशन एकाच वेळी चालू असली तर भलतंच वॉलेट उघडतं, विशेषतः जुन्या साइटवर. नको ती बंद ठेवा. लॉगिन झालं पण खातं रिकामं दिसतंय? वॉलेटमध्ये दुसरं अकाउंट निवडलेलं असेल किंवा नेटवर्क चुकलं असेल. इथेरियमचा चेन आयडी १, पॉलिगॉनचा १३७. मोबाइलवर वॉलेटकनेक्टचं (क्यूआरने साइट आणि वॉलेट जोडणारी सेवा) जुनं सेशन अडकलं असेल तर ते साइट आणि वॉलेट, दोन्हीकडून तोडून क्यूआर नव्याने स्कॅन करा. सही करूनही 'मुदत संपली' असं येत असेल तर घड्याळ बघा. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर हवी.

शेवटचा मुद्दा पासवर्डचा. सीड फ्रेजवर बनवलेल्या वॉलेटचा पासवर्ड फक्त त्या डिव्हाइसचं कुलूप असतं, तो ईमेलवरून रीसेट होत नाही. म्हणून शब्द कागदावर आहेत याची खात्री केल्याशिवाय एक्स्टेंशन काढून परत टाकायचा प्रयोग करू नका. प्रायव्हेट की (एकाच अकाउंटची गुप्त चावी) टाकून इम्पोर्ट केलेली अकाउंट तर त्या शब्दांनीही परत येत नाहीत, त्यांच्या की वेगळ्या जपाव्या लागतात. शब्द बरोबर टाकूनही पत्ता वेगळाच आला, तर लगेच धीर सोडू नका. आधी 'ॲड अकाउंट' करून पुढचे पत्ते तपासा. लेजर जोडलं असेल तर एचडी पाथ (शब्दांपासून पत्ते काढायची वाट) बदलून बघा. 'लेजर लाइव्ह' आणि 'लेगसी' या पाथवर एकाच फ्रेजमधून वेगवेगळे पत्ते निघतात.