डिस्चार्ज कार्ड कसे वाचावे

रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड बहुतेक नातेवाईक बिलाच्या पावत्यांसोबत पिशवीत ठेवून देतात आणि त्रास पुन्हा उद्भवला की मगच ते बाहेर काढतात. खरे तर ते वॉर्डातच, डॉक्टर किंवा सिस्टर समोर असताना वाचले पाहिजे. कार्डावरील भाषा पुढच्या डॉक्टरांसाठी लिहिलेली असल्यामुळे ती संक्षेपांनी भरलेली असते. मात्र त्या संक्षेपांत ठराविक पद्धत असते आणि ती थोड्या सरावाने कोणालाही कळू शकते.

आधी हे पाहावे की समोरचा शब्द तक्रार आहे, तपासणीत आढळलेली गोष्ट आहे की निदान आहे. ‘सी/ओ’ या अक्षरांपुढे रुग्णाने स्वतः सांगितलेला त्रास असतो, ‘ओ/ई’पुढे डॉक्टरांना तपासताना जे आढळले ते असते, आणि ‘के/सी/ओ’पुढे पूर्वीपासूनचे आजार असतात, उदाहरणार्थ ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन’ म्हणजे रुग्णाला आधीपासून मधुमेह व उच्च रक्तदाब आहे. तक्रारीपुढे 3/7 असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ तीन दिवस, 2/52 म्हणजे दोन आठवडे आणि 3/12 म्हणजे तीन महिने.

हा भेद आपल्याकडे सर्वांत जास्त कावीळीच्या बाबतीत पुसला जातो. कावीळ हा स्वतंत्र आजार नसून रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढल्याचे चिन्ह आहे. यकृताला विषाणूमुळे सूज आली तरी डोळे पिवळे होतात, पित्तनलिकेत खडा अडकला तरी होतात आणि तांबड्या पेशी वेगाने फुटू लागल्या तरी होतात. या तिन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. म्हणून कार्डावर ‘जॉन्डिस’ एवढेच दिसले, तर तो कशामुळे झाला हे विचारल्याशिवाय निघू नये. कावीळ उतरवून देणाऱ्यांकडे गेलेले दिवस अडकलेल्या खड्याच्या रुग्णाला फार महाग पडतात.

निदानाच्या ओळीत खात्री किती आहे तेही वाचावे. ‘प्रोव्हिजनल डायग्नोसिस’ हे तात्पुरते निदान असते, ‘फायनल’ हे तपासण्यांनंतरचे. नावाआधी प्रश्नचिन्ह असेल किंवा ‘आर/ओ डेंग्यू’ असे लिहिले असेल, तर डेंग्यू झाला असा त्याचा अर्थ होत नाही. डेंग्यू नाही ना, याची शहानिशा करायची आहे, इतकेच त्यातून कळते. ‘अक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ हे शब्द प्रामुख्याने काळाविषयी आहेत: पहिला अचानक सुरू झालेल्या आजारासाठी, दुसरा दीर्घकाळ चाललेल्या. ‘क्रॉनिक’ वाचून आजार हाताबाहेर गेला असे समजण्याचे कारण नाही.

आजारांच्या लांबलचक नावांत शेवट पाहावा. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टॉमी’ म्हणजे अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकणे. ‘ओमा’ हा शेवट सहसा गाठ दाखवतो, पण लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ असते, कार्सिनोमा हा कर्करोग असतो, आणि हेमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त. त्यामुळे शेवटावरून घाबरण्यापेक्षा अहवालात ‘बिनाइन’ (कर्करोग नसलेली) लिहिले आहे की ‘मॅलिग्नंट’ (कर्करोगाची), ते शोधावे.

सर्वांत जास्त वेळ औषधांच्या रकान्याला द्यावा, कारण चुका तेथेच होतात. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. नेत्रतपासणीच्या कागदावर मात्र तेच ‘ओडी’ उजव्या डोळ्यासाठी आणि ‘ओएस’ डाव्या डोळ्यासाठी वापरले जाते, म्हणून डोळ्यांच्या थेंबांबाबत तोंडी खात्री करून घ्यावी. ‘एसओएस’ लिहिलेली गोळी रोज घ्यायची नसते, गरज पडली तरच घ्यायची असते. हाच शब्द पुढील भेटीच्या ओळीत आला, तर त्रास झाल्यास ताबडतोब यावे असा त्याचा अर्थ होतो.

घरी आधीपासून असलेल्या रक्तदाबाच्या किंवा शुगरच्या गोळ्यांचा डबा शक्य असल्यास सोबत न्यावा. रुग्णालयाने तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने दिलेले असू शकते, आणि रुग्ण जुनी व नवी अशा दोन्ही गोळ्या घेऊ लागला तर मात्रा दुप्पट होते. वृद्ध रुग्णांमध्ये रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्यामागे असाही गोंधळ असू शकतो. वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचे नव्हे तर मूळ औषधाचे नाव, दोन्हीकडे एकच आहे का, ते पाहावे. डॉक्टरांनी जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा भारतीय वैद्यक परिषदेचा 2016 चा नियम आहे, त्यामुळे ते विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. ‘सीएसटी’ असे दिसले तर चालू उपचार तसेच ठेवायचे असतात. परंतु कोणते उपचार, याची यादी त्याच वेळी लिहून घ्यावी.

निघण्यापूर्वी कोणती लक्षणे दिसल्यास पुढील तारखेची वाट न पाहता परत यायचे, हे विचारून कार्डावरच मराठीत लिहून घ्यावे, आणि त्याखाली 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांकही.